बसला म्हणजे जमला

हत्ती घेतल्यावर अंकुशासाठी घासाघीस करू नये, असं जुनी माणसं सांगत. त्यांना ट्रकच्या धंद्याची माहिती नसावी. हत्तीचा भाव करायला बसलं की समोरचा व्यापारी तयारीचा निघतो, चहा येतो, आणि शेवटी द्यायचे तेवढे पैसे द्यावेच लागतात. अंकुशाचं तसं नाही. तिथे थोडा आवाज चढवला की गिऱ्हाईक जिंकतं. आणि सव्वातीन लाख मोजून आलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत कुठेतरी एकदा जिंकायचं असतं.

आमच्या ओळखीच्या एका ट्रकमालकांनी गेल्या उन्हाळ्यात असा विजय मिळवला. त्यांच्या दहाचाकीचं इंजिन बसलं होतं. बोअर करून भागेल अशी वेळ निघून गेली होती. कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर चार फेऱ्या मारून त्यांनी एक हाफ इंजिन उचललं. माल चोख होता. घराणं तेच, फक्त एक पिढी पुढची. चेन-ब्लॉकला ते लटकत असतानाच त्याला हार घातला गेला, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला, तेव्हा या लेखात मी अगदीच तटस्थ नाही, हे आधी सांगून टाकलेलं बरं. पेढे संपले आणि मग विषय निघाला पट्ट्याचा.

पट्टा ही गोष्ट सत्काराच्या लायकीची नाही, हे कोणीही मान्य करील. इंजिनाच्या तोंडावर क्रँकची पुली फिरते. तिच्याभोवतीचा हा रबराचा काळा फास पंखा, वॉटर पंप, अल्टरनेटर, आणि गाडीच्या रचनेप्रमाणे आणखी एकदोन आश्रितांना आपल्याबरोबर फिरवत राहतो. तो पेट घेत नाही, धूर सोडत नाही, त्याच्यावर नंबर कोरलेला नसतो. इंजिनाला हार घातला तर फोटो चांगला येतो. पट्ट्याला हार घालायचा म्हटलं तर कोण कोणाच्या गळ्यात, हेच कळणार नाही.

तरीही त्या दिवशी पट्ट्याचा थोडा विचार करणं भाग पडलं, कारण दोन पिढ्यांमध्ये मतभेद होते. जुन्या इंजिनावर शेजारी-शेजारी दोन व्ही-पट्टे चालत. नव्यावर एकच रुंद, आतून धारीधारींचा, आठ पदरी पट्टा होता. धारीपासून धारीचं अंतर 3.56 मिलिमीटर, आणि पट्टा ताणून धरायला स्प्रिंगचा टेन्शनर. पण हाफ इंजिन म्हणजे हाफ. ब्लॉकवर वॉटर पंप तेवढा बसलेला होता. टेन्शनर, ब्रॅकेटं आणि पुल्या मागेच राहिल्या होत्या. त्या स्वतंत्र विकल्या जातात, त्यांचाही धंदा आहे.

पुस्तकी माणसाला इथे दोन वाटा दिसतात. एक, नव्या इंजिनाच्या तोंडावरचं सगळं बिऱ्हाड त्याच्याच जातीचं आणायचं: पुल्या, ब्रॅकेटं, टेन्शनर, पट्टा. दुसरी, जुन्याचं सगळं इकडे आणायचं, पंपासकट. दोन्हींत एक हट्टीपणा आहे. जे येईल ते एका कुळाचंच असलं पाहिजे, हा आग्रह आजच्या काळात कोण धरतो? आमच्या मिस्त्रींनी तिसरी वाट काढली. पंप नव्या घरचा, पंखा नि पुल्या जुन्या घरच्या, ब्रॅकेट वेल्डिंगवाल्याचं, आणि क्रँकवर जुनी पुली बसावी म्हणून मधली चकती लेथवाल्याची. नव्याजुन्याचा असा मेळ घालायला आपल्याकडे मोठमोठ्या सभा भरवाव्या लागतात. इथे तो जेवणाच्या सुट्टीआधी उरकला.

‘‘शेठ, बसतोय,’’ मिस्त्री म्हणाले.

या एका शब्दावर आपला केवढा डोलारा उभा आहे, याचा वाचकांनी थोडा विचार करावा. चालेल का, टिकेल का, मुळात हाच हवा होता का, हे सगळे प्रश्न पुढचे आहेत आणि पुढचं कोणी पाहिलंय. बसतो की नाही, हे मात्र आत्ता, डोळ्यांसमोर सिद्ध होतं. पूल बसतात, पाइपलाइनी बसतात, माणसं खुर्चीवर बसतात. पट्ट्यानेच तेवढं वेगळं का वागावं?

मापाची पद्धतही तितकीच थेट होती. जुना पट्टा खिळ्यावर टांगलेला होता. तो घेऊन पोरगं दुकानात गेलं आणि ‘याच्यासारखा द्या’ म्हणालं. वर्षभर ताणून ताणून तो पट्टा मुळापेक्षा लांब झाला होता, आणि आता पुल्यांमधली अंतरंही बदलली होती. पण अनुभवी माणसाचं माप घ्यावं, नवशिक्याचं घेऊ नये. दुकानात बी सेक्शनचा, म्हणजे वरून 17 मिलिमीटर रुंदीचा पट्टा त्या लांबीत नव्हता. ए सेक्शनचा होता, 13 मिलिमीटरचा. चार मिलिमीटरचा प्रश्न. आपल्या रस्त्यांवर चार मिलिमीटर म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे तो दुकानदाराशी वाद घालत नाही. शिवाय तो शंभर रुपयांनी स्वस्त होता, आणि दोन घेतले म्हणजे दोनशे.

इथे एक शंका काढणारे लोक भेटतात, त्यांचंही ऐकून घ्यायला हवं. 1917 साली अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी रबराचा व्ही-पट्टा आणला, तेव्हा त्यातली खुबी अशी होती की पट्टा तळाला टेकतच नाही. तो खाचेच्या दोन्ही कुशींत पाचरीसारखा रुततो, आणि भार जितका वाढेल तितका घट्ट धरतो. पट्टा सपाट असताना त्याच्या दोन बाजूंचा कोन 40 अंश असतो. पुलीभोवती वळताना आतली बाजू दबून फुगते, बाहेरची ताणून आवळते, म्हणून खाच 34 ते 38 अंशांचीच कापतात. एवढा हिशेब करून बनवलेल्या वस्तूला रुंद खाचेत टाकलं की ती खाली जाऊन तळाला बसते, कुशी मोकळ्या राहतात, पकड जाते आणि तळ आरशासारखा चमकायला लागतो. शंका बरोबर आहे. फक्त ती काढणाऱ्यांना चमकणारी वस्तू नापसंत का, हे कळत नाही.

दोन पट्टे आणायचे ठरलं होतं, पण आला एकच. दुसऱ्या बाजूला खिळ्यावरचा जुना बी चढवला. ‘अजून सहा महिने निघतील त्यात,’ असं सर्वांचं मत पडलं. जोडीने चालणारे पट्टे जोडीनेच बदलावेत, एका मापाचे, एका दिवशी, असं कंपन्या लिहितात. त्यांना एकत्र कुटुंबाचा अनुभव नसावा. दोघांतला जो ताठ असतो तो सगळं ओढतो आणि जो सैलावलेला असतो तो नुसता बरोबर फिरतो, हे आपल्याकडे प्रत्येक घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोघंही सारखेच कामात दिसतात.

पुल्या एका रेषेत आहेत का, हे लोखंडी पट्टी लावून किंवा दोरा ताणून बघतात. मिस्त्रींनी एक डोळा मिटून बघितलं. रेषेत नव्हत्या. मग अल्टरनेटरच्या मागे दोन वॉशर गेले, मग तिसरा, आणि मिटलेला डोळा उघडला. ताण बघण्यासाठी अंगठ्याने पट्टा दाबतात. लांबातल्या लांब मोकळ्या भागात तो साधारण बोटाच्या जाडीइतका दबला तर ठीक. यांनी पहार लावून असा ताणला की अंगठा दुखावा. सैल पट्टा घसरतो हे खरं. जास्त ताणलेला घसरत नाही, तो गुपचूप पंपाचं आणि अल्टरनेटरचं बेअरिंग खातो. गाजावाजा न करता खाणाऱ्यांबद्दल आपल्या समाजात नेहमीच आदर राहिला आहे.

आता पंपाकडे येतो, कारण या जोडणीतला सर्वांत थोर भाग तोच आहे. धारीच्या पट्ट्याची एक खोड असते. तो पोटाने अल्टरनेटर फिरवतो आणि पाठीने दुसरं काही फिरवू शकतो. पाठीने फिरवलेली पुली क्रँकच्या उलट फिरते. या नव्या इंजिनाचा वॉटर पंप पाठीवर चालणारा होता. त्याच्या आतलं पंख्यासारखं चाक उलट्या फिरण्याच्या हिशेबानेच वळवलेलं होतं. व्ही-पट्ट्याला पाठीने काही फिरवणं जमत नाही. तो त्या पंपाला क्रँकच्याच दिशेने फिरवू लागला, म्हणजे पंपाच्या दृष्टीने उलटा.

कोणी म्हणेल, मग पाणी उलटं वाहिलं असेल. नाही. या पंपाचं वैशिष्ट्य असं की चाक उलटं फिरवलं तरी पाणी जायचं त्याच वाटेने जातं, फक्त कितीतरी कमी. रेडिएटरचं झाकण उघडून बघितलं तर पाणी हलताना दिसतं. पंखा जुन्या घरचा असल्यामुळे वारा बरोबर दिशेने येतो. तापमानाचा काटा सपाटीवर, रिकाम्या गाडीला, मध्यावर उभा राहतो. एखादं खातं सुरू आहे, माणसं आहेत, फाइल फिरते आहे, तक्रार करायला जागाच नाही. आणि तरीही काम निघत नाही, असं आपण कुठे पाहिलं असेल तर या पंपाशी आपली ओळख आहेच.

पहिल्या आठवड्यात पट्टा किंचाळायला लागला. त्यावर साबणाची वडी धरली गेली. आवाज दोन दिवस थांबला, मग राळेची पूड टाकली, मग पुन्हा साबण. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा अधूनमधून लागू लागला तेव्हा क्लीनरने त्यावर काळी चिकटपट्टी लावली. रात्री डोळ्यांत जातो, म्हणाला. काटा जरा वर राहतोय अशी बारीकशी तक्रार आली, तेव्हा थर्मोस्टॅट काढून टाकण्यात आला. ज्या दाराशी गर्दी होते ते दारच काढलं की गर्दी होत नाही, हा प्रशासनातला जुना उपाय आहे.

कागदोपत्री मात्र कसूर नव्हती. इंजिन बदललं की 14 दिवसांत आरटीओला कळवावं लागतं, ते कळवलं. नंबर जुळला, नोंद झाली. पट्ट्याचा रकाना त्या कागदावर नाही आणि नसावाच. सरकारने कुठवर बघायचं? उद्या पंप कुठल्या दिशेने फिरतो हेही विचारलं, तर नागरिकाच्या खासगी आयुष्यात उरलं काय?

खंबाटकी घाट तेव्हा पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्यालाच चढावा लागे. उलट येणाऱ्याला बोगदा होता. गाडीत सिमेंटच्या गोण्या होत्या, दुपारचे दोन वाजले होते, महिना मेचा. पहिला-दुसरा गिअर, इंजिन जोरात, गाडी मुंगीच्या पायाने. अशा वेळी उष्णता सगळ्यात जास्त आणि समोरून येणारा वारा सगळ्यात कमी. सगळी भिस्त पंखा आणि पंप या दोघांवर. नेमक्या तिसऱ्या वळणावर नव्या पट्ट्याने राजीनामा दिला आणि जुना, ज्याच्यात सहा महिने निघणार होते, त्याने पाठोपाठ. पंखा थांबला. पंप थांबला, आणि प्रथमच त्याची चूक भरून निघाली. काटा वर गेलेला कोणी पाहिला नाही, कारण सगळे वाफेकडे बघत होते.

चाकाखाली दगड गेला. मागे रांग लागली. एस.टी.तली माणसं उतरून सावली शोधू लागली, आणि एक मुलगा दहा मिनिटांत काकडी विकायला आला. इतक्या उन्हात, इतक्या अनोळखी माणसांना एकत्र आणून ‘काय झालं हो?’ असं एकमेकांना विचारायला लावणारा दुसरा कुठला उपक्रम सध्या आपल्या जिल्ह्यात चालू आहे, मला माहीत नाही. एवढं सगळं एका पट्ट्यात, तोही शंभर रुपये वाचवून.

हेड वाकलं, गॅस्केट गेलं, दोन लायनरना ओरखडे पडले. गॅरेजात बैठक बसली. मालकांचं म्हणणं पडलं की इंजिनच वाईट लागलं, कुर्ल्यात फसवणूक झाली. मिस्त्रींनी मान हलवली. आजकाल माल पूर्वीसारखा येत नाही, असं ते म्हणाले. ड्रायव्हरने देवाला दोष दिला, क्लीनरने ड्रायव्हरला. पट्ट्याचं नाव कोणी घेतलं नाही. पंपाला तर कोणी हातही लावला नाही. फिरवून बघितला, फिरतोय, ठेवून दिला.

मालक पुढच्या आठवड्यात पुन्हा कुर्ल्याला जाणार आहेत. या वेळी नीट बघून घेणार, म्हणतात. घाटातून आणलेला तुटका पट्टा क्लीनर फेकायला निघाला होता. मिस्त्रींनी तो त्याच्या हातातून घेतला, फडक्याने पुसला, दोन्ही टोकं जुळवून बघितली आणि खिळ्यावर टांगला. मापाला लागेल.