अजून एक फेरा

सास्तूरला वस्तूचं वय भूकंपावरून सांगतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या आधीचं इंजिन आलं की आमच्या मिस्त्रीचा चेहरा खुलतो. मालकाचा मात्र पडतो, कारण आता दिवस गेला.

सोयाबीनची मळणी अडलेली, आभाळ भरून आलेलं, आणि मिस्त्री ब्लॉकवर लोखंडी पट्टी आडवी धरून खालून उजेड दिसतो का ते बघतोय. त्याआधी जुन्या गॅसकेटची खपली खरवडायची, बोल्टांची भोकं चिंधीनं टिपायची. "भोकात तेल-पाणी तुंबलं तर बोल्ट ब्लॉक फोडतो," हे तो ट्रॅक्टर नसलेल्यालाही ऐकवतो.

नवं गॅसकेट घालून हेड बसलं की खरा सोहळा. सुरुवात मधल्या बोल्टांपासून, मग आलटून पालटून दोन्हीकडं, कडेचे शेवटी. पहिला फेरा हलका, दुसरा जरा दमदार, तिसरा टॉर्क पान्यावर, 'कट्' वाजेपर्यंत. दाब सगळीकडं सारखा बसला नाही तर गॅसकेट फुंकतं, पाणी तेलात उतरतं आणि ऑइलचा दुधाळ चहा होतो. एखादा तगडा पोरगा "मी आवळतो" म्हणत पुढं झाला की उत्तर ठरलेलं: "ताकद गुळाची ढेप फोडायला ठेव." मालक चुळबुळला की दुसरं: "दम धरा. अजून एक फेरा हाय."

हातउसने पैसे मागा, देईल. तो पाना मात्र कुणाला देत नाही. काम झालं की काटा खाली उतरवून, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून ठेवतो.

लग्नात याच्या हाती वरणाची बादली देण्याची चूक एकदाच झाली. पंगतीच्या मधून सुरुवात, मग एक पान डावीकडं, एक उजवीकडं. कडेला बसलेली सोयरेमंडळी कोरडा भात चिवडत राहिली.

पैसे विचारले तर म्हणतो, "उद्या बघू. इंजिन तापून गार झालं की परत आवळायचं, मग टॅपेट." मालक कशाला येतोय? दुसऱ्या दिवशी हाच मोटारसायकलवर पाना बांधून शिवारात हजर. मळणी ऐन भरात, आणि हा हात वर करून, "बंद करा! गार होऊ द्या."

मालकानं कपाळावर हात मारला. मजूर बायका बाभळीखाली जाऊन बसल्या. त्यातली एक ओरडली, "मालक, हजेरी पुरी धरायची बरं का!"