मिरज, व्हाया म्हात्रे पूल

कोथरूडच्या जोशी रेल्वे म्युझियममधून नातवंडांना ओढून बाहेर काढावं लागतं म्हणतात. आमच्याकडे नातू मला ओढतो. भाऊसाहेब जोशींनी 1998 साली लोकांना खुल्या केलेल्या त्या छोट्या शहरात दिवे मालवले की खिडक्या उजळतात, सिग्नल पडतात नि साऱ्या गाड्या एकाच मालकाच्या वेळापत्रकाने धावतात. माझी अडचण अशी की आमच्या रेल्वेला मालक दोन.

माझी गाडी एचओ, खऱ्याच्या 87व्या हिश्श्याची. रुळांतलं अंतर 16.5 मिलिमीटर. मुक्काम पलंगाखाली. नवी पेठेतल्या मित्राची एन, रूळ 9 मिलिमीटरचे, मुक्काम कपाटावर. दोन्ही जोडायचं आम्ही ठरवलं, तर मध्ये मुठा आणि साडेसात मिलिमीटर. मुठेवर निदान पूल तरी आहे.

तोडगा मिरजेने दिला. 1971 साली पुण्याहून ब्रॉडगेज तिथे पोचलं, बेळगावकडे मीटरगेज होतंच आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे बार्शी लाइटची चिमुकली नॅरोगेज. 1676, 1000 आणि 762! एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चढणार कसा? माल उतरवायचा, हमालांनी पलीकडे नेऊन भरायचा. म्हणून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला आम्ही मिरज जंक्शन नाव दिलं. मोहरीचा एक दाणा म्हणजे कोळशाचा एक टन. रविवारी मी माझ्या वाघिणी रिकाम्या करतो, मिरज स्कूटरच्या डिकीत ठेवतो आणि म्हात्रे पुलावरून जातो. स्टेशनमास्तर मी, हमालही मीच.

"फोडणीला मोहरी उरेल ना?" एवढंच घरच्या रेल्वे बोर्डाने विचारलं.

पहिला तंटा वेळेचा. या छंदात घड्याळ पळवायची रीत आहे, म्हणजे हॉलभर रुळांवरही दिवसभराचा प्रवास होतो. माझ्या एका मिनिटात चार मिनिटं सरतात, त्याच्या सहा. त्यामुळे माझा मंगळवारचा माल त्याच्याकडे पोचेपर्यंत तिकडे गुरुवार. "अरे, तुझं घड्याळ मागे आहे," तो म्हणतो. मी त्याला इतिहास ऐकवला: एके काळी रेल्वे मद्रासच्या वेळेने चालत, मुंबईचं घड्याळ त्यांच्या अर्धा तास मागे, आणि 1906 साली देशाची एक वेळ ठरल्यावरही मुंबईने आपला हट्ट लवकर सोडला नाही. "म्हणजे तू मुंबई," असं म्हणून तो मोकळा झाला. पुणेकराला याहून वर्मी काय लागणार!

दुसरा तंटा मोठा. मी वीस टन रवाना केले, त्याने पावती दिली एकोणीसची. तूट कोणाची? मी डिकी झाडली, पायपुसणं झटकलं, त्याला पुन्हा मोजायला लावलं. संयुक्त चौकशी समितीच्या दोन बैठका आणि चार कप चहा झाला, निकाल लागला नाही.

गेल्या रविवारी परतीचा माल आला. डबा उघडला: एकोणीस मोहऱ्या आणि एक साबुदाणा. सोबतच्या चिठ्ठीवर गोल गरगरीत अक्षर: "नुकसानभरपाई. उपासाला चालेल."