सरकारच्या जावयास अनावृत पत्र

प्रति,
श्री. नियम क्रमांक ५८,
मुक्काम पोस्ट विकास नियंत्रण नियमावली १९९१, बृहन्मुंबई



गिरणगाव कोणी बुडवलं यावर आमच्या लालबाग-परळात चाळीस वर्षं भांडणं चालू आहेत. कोणी संपाचे पुढारी डॉक्टर सामंत यांच्या नावानं बोटं मोडतो, कोणी मालकांच्या, कोणी दिल्लीच्या. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर पडला, आणि तो संप मागे घेतल्याचं रीतसर कोणी जाहीरच केलं नाही. या सगळ्या भांडणांत तुमचं नाव मात्र चुकूनही निघत नाही. एवढं काम करून प्रसिद्धीपासून इतकं लांब राहायचं, हा विनय आजकाल दुर्मीळ आहे. म्हटलं, जाहीर आभार मानावेत.

जन्माला आलात तेव्हा तुमचे विचार फार थोर होते. गिरणीची जमीन विकासाला काढली तर तिचे ढोबळमानानं तीन वाटे: एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. गिरण्यांखालची जमीन सुमारे ६०० एकर. दहा बाय दहाच्या खोलीत बसून आमच्या लोकांनी त्या ६०० एकरांना तीनानं भागून पाहिलं होतं, आणि उत्तर गोड आलं होतं.

मालक मात्र तुमच्या दारात फिरकेनात. गिरणी पाडली तर वाटणी. न पाडता आत काहीतरी वेगळं थाटलं तर वाटणीची कटकट नाही, हे त्यांना आमच्याआधी कळलं. फिनिक्स मिलमध्ये बोलिंगचे चेंडू घरंगळू लागले ते याच काळात. १९९६मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची समिती नेमली गेली. जमिनींचा तुकड्यातुकड्यानं विचार करू नका, एकत्र आराखडा करा, असं ती सांगत होती. तो अहवाल कुठल्या तरी कपाटात सुखरूप असेल.

मग २००१ साली तुमच्या अंगावर छोटीशी शस्त्रक्रिया झाली. वाटणी यापुढे गिरणीच्या सगळ्या जमिनीची नाही, जी आधीपासून मोकळी आहे तेवढीचीच. साहेब, तुम्ही गिरणी कधी आतून पाहिली होती का? या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत शेडच शेड. कापड विणायचं साचेखातं, सूत कातायचं त्रासन, गोदामं. माझे वडील त्रासनमध्ये होते; डबा खायला दोन हात सावली शोधावी लागायची. ती दोन हात जागा तुम्ही शहराला, म्हाडाला आणि मालकाला सारखी वाटायला काढलीत. बाकी सगळी मालकाची. झकास विनोद आहे हा, फक्त हसायला माणसं जागेवर राहिली नाहीत.

ऑक्टोबर २००५मध्ये उच्च न्यायालयानं तुमच्या या दुरुस्तीला चाप लावला तेव्हा काही महिने आम्हांलाही वाटलं, काहीतरी हाती लागेल. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तुम्हांला पुन्हा उभं केलं. तोवर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना विकूनही टाकली होती.

आता गिरणगाव पाहा, काय झकास झालंय! लोअर परळला जाहिरातीत 'अपर वरळी' म्हणतात. चिमणी असलीच तर तिच्यावर रात्री दिवे सोडतात. गेल्या वर्षी एका टॉवरच्या फाटकावर रखवालदारानं मला विचारलं, कोणाकडे जायचंय? मी म्हटलं, साचेखात्यात. त्यानं वहीत शोधलं बिचाऱ्यानं.

जुनं सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही. संडासची रांग, कापसाच्या धुळीनं पोखरलेली छाती, गावकीच्या एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी वीस-वीस माणसं, हे ज्यानं भोगलं तो त्याच्यावर कविता करत नाही. पण त्याच खोल्यांतून शाहीर निघाले, तमाशाला हनुमान थिएटर भरलं, खाणावळ चालवणाऱ्या बायकांनी १९७५मध्ये प्रेमा पुरव यांच्याबरोबर अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तीन पाळ्यांचे भोंगे वाजत होते तोवर रात्री दोनला रस्त्यावर चालणारी बाई एकटी नसायची. हे सगळं कुठल्या चटईक्षेत्रात बसतं ते तुम्हीच सांगा.

एका बाबतीत मात्र थट्टा जमत नाही. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, माणसं कितीतरी पटींनी वाढली, आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा जिना तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, त्या जिन्यावर २३ माणसं चेंगरून मेली. बरोबर तीन महिन्यांनी कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या हॉटेलात आग लागली, १४ गेली. मोकळी जागा आणि रुंद वाट यांचा वाटा ज्यानं कापला, त्याला या आकड्यांचं काहीच वाटू नये?

हल्ली तुम्ही नाव बदलून राहता असं कळलं. २०३४च्या नियमावलीत तुमचा क्रमांक ३५ आहे. छान केलंत, जुन्या घेणेकऱ्यांना पत्ता सापडत नाही. आम्हांला तरीही सापडलात. २०१२च्या पहिल्या सोडतीत गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरं होती आणि अर्ज लाखाच्या वर. उरलेल्यांना आता शेलू आणि वांगणी दाखवतात. तिथून परळला यायचं तर कर्जत लोकलमध्ये आधी उभं राहायला जागा हवी. अर्जदारांतले बरेच जण आता हयात नाहीत, वारस खेटे घालताहेत.

मतं मागायला दारात येणाऱ्याला तेवढं विचारा, वाचकहो: गिरणीच्या जमिनीवर, मुंबईच्या हद्दीत, कामगारांच्या वारसांना किती घरं देणार आणि कोणत्या साली? आकडा सांगितल्याशिवाय चहा देऊ नका.

कळावे,
आपला,
त्रासन खात्यातल्या एका बदली कामगाराचा मुलगा