पिवळं सलाईन, मँगो फ्लेवर

गावाकडे अशक्तपणा वाटला की माणूस डॉक्टरांकडे जाऊन एकच मागणी करायचा: पिवळं सलाईन लावा. साध्या पांढऱ्या बाटलीवर त्याचा भरवसा नसे. त्यात बी-कॉम्प्लेक्स सोडलं, बाटली पिवळीधमक झाली, की निम्मं दुखणं तिथेच उतरायचं. ‘दोन वेळ नीट जेवत जा’ असं सांगणारा डॉक्टर लोक बदलून टाकत. शहरातली शिकलेली मंडळी या अडाणीपणाला पोट धरून हसली. आता तीच मंडळी जिमच्या पावडरचा तीन हजारांचा डबा उघडतात आणि तेच पिवळं प्रकरण शेकरमध्ये खळखळवून पितात. सलाईनला मँगो फ्लेवर नव्हता, एवढाच काय तो फरक.

संध्याकाळी सातला कुठल्याही जिममध्ये डोकावा. ट्रेनर (वय चोवीस, पण पन्नाशीचे काकाही त्याला ‘सर’ म्हणतात) समजावत असतो, “काका, एनर्जी बी-१२ मधून, फोकस बी-६ मधून. एक स्कूप मारला की फक्त बार दिसतो, बाकी काही दिसत नाही.” काका मान डोलावतात. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना टेबलावरची फाईल कधी दिसली नाही. आता बार दिसणार म्हणजे प्रगतीच.

खरं तर बी गटातल्या जीवनसत्त्वांमधून ऊर्जा म्हणावी अशी मिळतच नाही. ऊर्जा भाकरीत, भातात, तुपात. ही जीवनसत्त्वं म्हणजे पंगतीतले वाढपी. वाढपी नसले तर पानं रिकामी राहतील, कबूल. पण पुरेसे असताना आणखी पन्नास उभे केले म्हणून जिलबी वाढत नाही. काकांनी मात्र वजन उतरवायचं म्हणून जेवण निम्मं केलंय आणि वाढपी सहाशे बोलावलेत. हा आकडा उगाच नाही. मोठ्या माणसाला बी-१२ रोज लागतं साधारण २.४ मायक्रोग्रॅम, आणि मेडिकलमध्ये मिळणारी गोळी असते १५०० ची. आतड्याची नेहमीची वाट एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत घेते. उरलेल्यातलं शेकडा एक कसंबसं झिरपतं. बी-२ जास्तीचं झालं की थेट लघवीत उतरतं. तो झगझगीत रंग बघून काका खूश: “काम करतंय!” करतंय ना. मूत्रपिंड करतंय.

मग तरतरी येते कुठून? डब्याच्या लेबलवर खाली बारीक अक्षरांत कॅफीन लिहिलेलं असतं, चांगल्या दोन कप कॉफीइतकं. चेहरा तापतो तो नायासिनने, कातडीला झिणझिण्या येतात त्या बीटा-अलानिनने, आणि काका म्हणतात, “सर, लागलं!” बी-६ ची गंमत तर वेगळीच. ते मोठ्या डोसात महिनोन्‌महिने घेतलं तर नसा दुखावतात, हातापायांना मुंग्या येतात. म्हणून युरोपात २०२३ मध्ये त्याची दिवसाची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. आपल्याकडे मुंग्या आल्या की आधी बी-कॉम्प्लेक्सच आणतात.

या जीवनसत्त्वांची खरी गरज कुणाला, याचा शोध आपल्या मुंबईतच लागलाय. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली आणि गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांचा अ‍ॅनिमिया तपासू लागली. त्या बायकांना आलेला थकवा लेग डेचा नव्हता. त्यांच्या ताटातच काही नव्हतं. यीस्टच्या अर्काने त्या सुधारल्या. पुढे त्यातला गुण फॉलिक अ‍ॅसिडचा, म्हणजे बी-९ चा निघाला. पिवळ्या बाटलीत औषध आहेच, फक्त ज्याच्यात खोट आहे त्याच्यासाठी.

आणि अशी खोट असणारं माणूस काकांच्या घरातच आहे. काकू शुद्ध शाकाहारी. दूध सगळ्यांना देऊन उरलंच तर चहात. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू, आणि त्यानेही बी-१२ घटतं. तळपायांना मुंग्या येतात, जिना चढताना धाप लागते. यावर घरचं एकमुखी निदान: “वय झालं.” रक्त तपासून घ्यावं असं कुणाच्या मनात आलेलं नाही; काकांच्या बायसेप्सचं माप मात्र दर रविवारी घेतलं जातं.

परवा काकांनी मोठ्या मनाने तिलाही एक स्कूप देऊ केला. डब्याची किंमत ऐकून काकू म्हणाली, “त्यापेक्षा अर्धा लिटर दूध जास्तीचं लावा.” काकांना पटलं. दुसऱ्या दिवसापासून दूध सुरू झालं. ते आता शेकरमध्ये जातं.