बुटांचा चातुर्मास

चामड्याचे बूट वापरून खराब होतात, हा आपल्याकडचा एक भक्कम समज आहे आणि पुराव्यापुढे तो अजिबात टिकत नाही. पुण्याच्या मांजरीतल्या कुठल्याही नव्या सोसायटीतले लॉफ्ट धुंडाळले, तर झिजलेल्या टाचांचे काळे फॉर्मल बूट क्वचितच हाती लागतील. हाती लागतील ते असे : टाच कोरी, तळव्यावरचा नंबर अजून स्वच्छ वाचता येतोय आणि वरच्या अंगाला पांढरट-हिरवी लव. यांचा गुन्हा काय, तर यांना जपलं गेलं. साखरपुड्याला घेतले, लग्नात घातले, एखाद्या इंटरव्ह्यूला आणि मेहुण्याच्या लग्नाला काढले, आणि ‘चांगले आहेत, राहू देत’ म्हणून परत खोक्यात. खोकं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ, गाठीवर दुसरी पिशवी, आणि हे सगळं बाड लॉफ्टवर, जळका मिक्सर आणि गणपतीचं मखर यांच्या मधोमध. एवढी काळजी आपण विम्याच्या कागदांचीही घेत नाही. माझं म्हणणं असं की बूट या काळजीनेच जातात, आणि ते वाचवायचा सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे ते पायात घालणं.

आधी बुरशीचं पाहू. चामडं म्हणजे कमावलेलं कातडं. त्यात कोलॅजन नावाचं प्रथिन, मुरवलेलं तेल, आतून पायाचा घाम आणि वरून आपण प्रेमाने चोळलेलं पॉलिश. बुरशीसाठी हे वाढून ठेवलेलं पान आहे. फक्त पाण्याचा पेला यायचा बाकी असतो. हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर राहिली आणि हवा हलेनाशी झाली की तोही येतो. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते. सिंहगडाकडून पूर्वेला येताना पाऊस कमी होत जातो हे खरं, पण मुळा-मुठेच्या काठावरच्या मांजरीत बुटाला लव यायला पुरेल इतका दमटपणा खुशाल उरतो. पिशवीची गाठ बाहेरची ओल अडवते, हे आपल्याला दिसतं; ती आतली ओलही बाहेर जाऊ देत नाही, हे दिसत नाही. गंमत म्हणजे याच मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. 1997 पासून तिथले शास्त्रज्ञ भुरी आणि केवडा या रोगांशी झगडताहेत, आणि त्यांच्या आसपासच्या फ्लॅटांमध्ये लोक लॉफ्टवर विनाअनुदान बुरशीची शेती करताहेत. भुरी जिवंत वेलीवरच वाढते, बुटावरची बुरशी वेगळ्या कुळातली, हे मान्य. पण द्राक्ष बागायतदार जे करतो (दाटी कमी करा, हवा खेळू द्या, ओल साचू देऊ नका) ते बुटालाही जसंच्या तसं लागू पडतं.

त्यात आपलं पंचांगही बुटांच्या मुळावर आलेलं आहे. आषाढी एकादशीला देव झोपतात, मुहूर्त संपतात, मंगल कार्यालयं ओस पडतात आणि बूट खोक्यात जातात. कार्तिकीला देव उठतात, तुळशीची लग्नं लागतात आणि मग पहिल्या पत्रिकेबरोबर खोकं खाली उतरतं. म्हणजे वर्षातले जे ओले महिने बुटांनी उजेडात आणि हवेत काढायला हवेत, नेमक्या त्याच महिन्यांत त्यांना अंधारकोठडी. देव चार महिन्यांनी ताजेतवाने होऊन उठतात, बूट हिरवे होऊन.

बुरशी निदान पुसता येते. तळव्याचं प्रकरण त्याहून गंभीर आहे. आजकाल पुष्कळ फॉर्मल बुटांचा तळवा हलक्या, मऊ पॉलियुरेथेनचा असतो, दुकानदार ज्याला ‘पीयू सोल’ म्हणतो तो. हवेतली ओल या पदार्थाचे रासायनिक बंध हळूहळू तोडत राहते. रसायनवाले याला हायड्रोलिसिस म्हणतात. ही तोडफोड बूट पायात आहे की खोक्यात, हे विचारत बसत नाही. काही वर्षांनी बूट बाहेरून नवा दिसतो, पॉलिशही छान बसतं, घरून निघताना काहीच कळत नाही. मग कार्यालयात अक्षता पडतात, आहेराची रांग लागते, आणि स्टेजच्या पहिल्या पायरीवर टाचेचा एक कोपरा निखळतो. दुसऱ्या पायरीवर मधला भाग बसतो. नवरदेवाच्या हातात पाकीट पडेपर्यंत मागच्या तांबड्या गालिच्यावर काळ्या भुग्याची रेघ उमटलेली असते आणि फोटोग्राफर म्हणत असतो, ‘काका, जरा पुढे सरका.’ हा तळवा घातला असता तरी कधी तरी गेलाच असता. पण निदान चालून गेला असता. चार हजारांचे बूट पाच वेळा घालून भुगा झाले, तर एका वेळेचं भाडं आठशे रुपये पडतं. एवढ्यात कार्यालयापर्यंत रिक्षाने जाऊन, बुंदीचे लाडू विकत घेऊन परत येता येतं.

उलट बाजूचा पुरावाही याच शिवारात आहे. मांजरी-हडपसरच्या परिसरात शर्यतीच्या घोड्यांचे स्टड फार्म आहेत, आणि पुण्यातला घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम ऐन पावसाळ्यात असतो. घोड्याच्या अंगावरच्या चामड्याने, म्हणजे लगाम, तंग, पट्टे यांनी काय सोसायचं बाकी ठेवलेलं असतं? पाऊस, चिखल, घोड्याचा घाम, सगळं रोजच्या रोज. तरी ते चामडं टिकतं, कारण ते पुसलं जातं, खोगिराच्या साबणाने साफ होतं, त्याला तेल पाजलं जातं आणि ते खुंटीवर मोकळ्या हवेत टांगलं जातं. लगामाला दोन पिशव्यांत बांधून माळ्यावर टाकणारा मोतद्दार अजून जन्मायचा आहे. विहिरींवर चामड्याच्या मोटा होत्या तेव्हा त्या तर पाण्यातच नांदायच्या. त्या झिजल्या, फाटल्या, ठिगळं लागून पुन्हा चालल्या. पण लव येऊन मोट गेल्याचं कुणाच्या आजोबांनी सांगितल्याचं ऐकिवात नाही.

यावर पहिला आक्षेप शिष्टाचाराचा येतो : भारी वस्तू जपूनच ठेवायच्या असतात, भरताने नाही का चौदा वर्षं पादुका सिंहासनावर ठेवल्या? ठेवल्या, पण त्या लाकडी होत्या असंच आपण ऐकत आलो आहोत, आणि सिंहासन उघड्या दरबारात होतं, लॉफ्टवर नव्हतं. चामड्याच्या असत्या आणि खोक्यात गेल्या असत्या, तर राज्याभिषेकाच्या दिवशी काय बाहेर निघालं असतं याची कल्पना न केलेली बरी. दुसरा आक्षेप खरा आहे : मांजरीच्या रस्त्यांवर पावसाळ्यात बूट घालायचे कसे? काळ्या मातीचा चिखल, खडी, डंपरने उडवलेलं पाणी. मुसळधार पावसात घाला असं कुणीच म्हणत नाही. पण जून ते सप्टेंबर सगळेच दिवस कोसळत नाहीत, आणि ऑफिसात सगळेच चिखलातून पोहत जात नाहीत. उघडीप पाहून आठवड्यातून एकदा-दोनदा घातले तरी पुरे. तेवढंही नको असेल, तर निदान आठवड्यातून एकदा बाहेर काढून पंख्याखाली ठेवा. तिसरा आक्षेप मगरपट्ट्याकडून येतो : आता ऑफिसला स्नीकर्सच चालतात, चामडी बूट घालून गेलं तर लोक विचारतात, इंटरव्ह्यू आहे का? विचारू देत. साहेबाच्या कानावर गेलं तर पगारवाढीच्या बोलण्याला उपयोगच होईल. आणि जे म्हणतात ‘त्यापेक्षा रेक्झिनचे घ्यावेत’, त्यांनी घरातल्या जुन्या सोफ्याचे पोपडे एकदा नीट निरखावेत.

झिजण्याची भीती मात्र समजून घ्यायला हवी, कारण जोडे झिजणं हे आपल्या भाषेत सरकारी कचेरीशी जोडलेलं दुःख आहे. पण झिजलेली टाच रस्त्याकडेच्या गटई स्टॉलवर थोडक्या पैशांत बदलून मिळते. भुगा झालेला तळवा पाहून तोच कारागीर मान हलवतो. फक्त रोज तेच बूट नकोत. दिवसभराचा घाम वाळायला एक दिवसाची सुटी द्यावी, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, ओले झाले की बदलावेत. ‘सकाळ’ संध्याकाळी बुटात गेला तर कुणाचा अपमान होत नाही. वाळवायचे ते सावलीत. उन्हात किंवा फ्रीजच्या मागे ठेवले की चामडं ताठरतं आणि पावलाच्या वळणावर तडकतं. पॉलिशआधी ब्रश मारावा, नाहीतर बांधकामांची धूळच आपण गोल-गोल घासत बसतो. खोबरेल लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ते 24 अंशांच्या आसपास थिजतं; डिसेंबरच्या सकाळी बुटावर दिसणारं पांढरं कधी कधी बुरशी नसून आपलंच तेल असतं. डांबरगोळ्या कसरीसाठी आहेत, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही. लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला मात्र वाटतं. सिलिका जेलची पुडी स्वतःच्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पिते आणि मग गप्प बसते. सहा वर्षांपूर्वीची पुडी ही पुडी नसून श्रद्धा आहे. बूट ठेवायला ड्राय बाल्कनी निवडू नये, कारण वॉशिंग मशीन, ओली फडकी आणि पावसाची झड यांच्यामुळे घरातली सगळ्यात ओली जागा तीच असते. बेडरूममधल्या कपाटाचा खालचा खण, दार किंचित उघडं, आणि बूट कापडी पिशवीत. ही पिशवी खरेदीच्या वेळी बुटांबरोबरच मिळालेली असते. सध्या तिच्यात प्रवासाची इस्त्री असते, तेवढी बाहेर काढावी लागेल.