विषय क्रमांक सात

सप्टेंबर हा हौसिंग सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा महिना. ३० तारखेपर्यंत सभा घ्यावी असं कायदा सांगतो, म्हणून ती शेवटच्या रविवारी होते. कायद्याने सांगितलं नसतं, तर कोणत्याच रविवारी झाली नसती.

उपविधी लिहिणाऱ्यांना माणसांची पारख होती. गणपूर्तीला दोनतृतीयांश सभासद किंवा वीस, यांपैकी जो आकडा लहान तो चालतो. तोही जमला नाही तर सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. त्यामुळे नोटिशीतच ‘अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी’ असं छापलेलं असतं आणि दहाच्या सभेला जाणते सभासद साडेदहाला चपला शोधू लागतात. दहा वाजता गच्चीवर फक्त सचिव असतात आणि खुर्च्या मोजून घेणारा मंडपवाला.

पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा. ‘मी मांडलेला मुद्दा लिहिलाच नाही,’ म्हणून बी विंगमधले एक काका उभे राहतात. मुद्दा काय होता ते त्यांनाही आठवत नाही, पण तो लिहिलेला नाही एवढं पक्कं आठवतं. मग हिशेब. दुरुस्ती निधीतले लाखो रुपये कुणाच्या नजरेत भरत नाहीत. ‘किरकोळ चहापान’ या ओळीवर मात्र सगळे चष्मे एकदम थांबतात. कमिटीने चहा प्यायला की नाही, आणि प्यायला तर बिस्किटांसह का, यावर अर्धा तास जातो.

पुढे पाणी. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर लावायची, असं उपविधी म्हणतात. घरात दोघंच असलेले म्हणतात, माणशी लावा. घरात सातजण असलेले म्हणतात, उपविधी वाचा. वर्षभर कपाटात पडलेलं ते पुस्तक त्या दिवशी नेमकं सातजणांच्या घरातून येतं.

यानंतर पार्किंग, म्हणजे सभेचा गाभा. ‘मी बिल्डरला रोख मोजून स्टिल्ट घेतलंय,’ असं एकजण सांगतो. स्टिल्ट पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. पण न्यायालयाला आपल्या सोसायटीचा स्वभाव कुठे माहीत? शेजारच्याची गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या सहा इंच अलीकडे आल्याचा फोटो मोबाइलवर फिरतो. शेजारी म्हणतो, पट्टाच वाकडा मारलाय. पट्टा मारणाऱ्या रंगाऱ्याचं कोटेशन मागवलं जातं. दोन माजी अध्यक्ष उठून एकमेकांना ‘साहेब’ म्हणू लागतात, तेव्हा प्रकरण हातघाईवर आल्याचं बाकीच्यांना कळतं. त्या सहा इंचांपायी माणसं पुढची तीन वर्षं एका लिफ्टने जात नाहीत.

एव्हाना दीड वाजतो आणि खालून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येऊ लागतात. मग येतो विषय क्रमांक सात : मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स. साध्या मराठीत सांगायचं तर, ज्या जमिनीवर इमारत उभी आहे ती अजून सोसायटीच्या नावावर झालेली नाही. करारात वेगळी मुदत ठरलेली नसेल, तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने ती करून द्यायची, असं १९६३ च्या मोफा कायद्याखालचे नियम सांगतात. त्याने दिली नाही तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे एकतर्फी अर्ज करावा, ही सोयही २००८ च्या दुरुस्तीने झाली. उद्या पुनर्विकास काढला, तर पहिला प्रश्न जमीन कुणाची हाच येणार. सचिव म्हणतात, ‘वकिलांशी बोलणं चालू आहे.’ कुणीतरी मागून ‘मंजूर’ म्हणतं. पावणेदोनच्या आत विषय संपतो.

म्हणजे सहा इंचांसाठी दोन तास आणि सगळ्या भूखंडासाठी दोन मिनिटं. त्यातही गंमत अशी की ते सहा इंच त्याच भूखंडातले. पण याला कारण आहे. पट्ट्यावर मत द्यायला फक्त आवाज लागतो. कन्व्हेयन्सला मंजूर नकाशे आणि करारनामे लागतात, कचेरीत खेटे घालावे लागतात आणि मुख्य म्हणजे वर्गणी काढावी लागते.

शेवटचा विषय नवी कमिटी. आतापर्यंत उभ्याने बोलणारे सगळे खाली बसतात. कुणाची शुगर वाढलेली निघते, कुणाचा मुलगा कॅनडाहून यायचा असतो. सचिवपदासाठी गच्चीवर एकही हात वर होत नाही.

आमची एक सूचना आहे. कमिटीवर त्या बिल्डरलाच घ्यावं. तो सभेला येत नाही, चहा पीत नाही, पार्किंगवरून भांडत नाही, आणि गच्चीवर जमलेल्यांपैकी कुणाकडेही नसलेली पात्रता त्याच्याकडे आहे : कागदोपत्री जमीन त्याची आहे.