बेपत्त्यांचे नाना

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले नाना हल्ली एका ॲपवर लोकांची दुःखं ऐकतात. तिथे खरं नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही. टोपणनाव घ्यायचं आणि मन मोकळं करायचं. मराठी माणसाला हा प्रकार मुळातच अवघड. समोरच्याचं आडनाव, मूळ गाव आणि 'म्हणजे बँकेतल्या जोश्यांचे तुम्ही कोण?' एवढं कळल्याशिवाय आपण गाडीत शेंगदाणेसुद्धा पुढे करत नाही, दुःख कुठलं द्यायला!

नानांची अडचण याहून मोठी. त्यांची पोस्टातली नोकरी गेली 'आरएलओ'त, म्हणजे रिटर्न्ड लेटर ऑफिसात. ज्या पत्राला घेणारा सापडत नाही आणि पाठवणाऱ्याचा पत्ताही पाकिटावर नसतो, ते तिथे येतं. ते फोडायचं, आतून पत्ता हुडकायचा आणि परत धाडायचं. वाचायचं ते पत्त्यापुरतं. 'चि. बंडूस अनेक आशीर्वाद. तुझ्या वडिलांनी कालपासून अन्न सोडलं आहे, कारण' एवढ्यात समासात आडवा लिहिलेला पत्ता दिसायचा आणि कारण पाकिटात परत जायचं. अशी कितीतरी कारणं नानांच्या डोक्यात अजून अडकून आहेत. ॲपवर निदान पुढचं कळेल, ही त्यांची आशा.

ॲप नातीने मोबाइलवर घालून दिलं. अशांपैकी गाजलेलं 'सेव्हन कप्स' ग्लेन मोरियार्टी या मानसशास्त्रज्ञाने २०१३ साली अमेरिकेत काढलं. ऐकणारे डॉक्टर नव्हेत, तुमच्याआमच्यासारखे स्वयंसेवक. थोडं शिकवून त्यांना बसवतात. नानांनाही शिकवलं. सल्ला द्यायचा नाही, चूक कोणाची ते ठरवायचं नाही, ओळख विचारायची नाही. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याच्या गोष्टी बोलू लागलं तर स्वतः शहाणपणा न करता सरकारी 'टेलिमानस'चा १४४१६ हा नंबर द्यायचा. नानांनी तो दोनदा मोजला. "पाचच आकडे? एक गाळलाय कुणीतरी." १५ ऑगस्ट १९७२ला देशात सहा आकडी पिनकोड आला, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवलेला. नाना वेलणकरांचं नाव घेताना चष्मा काढतात.

नियम म्हणजे नियम. नाना विचारत नाहीत. पण हाताला लागलेलं सॉर्टिंग सुटतं थोडंच? 'काही समजूनच नाही राहिलं' असं कुणी लिहिलं की तो ४४च्या खणात, विदर्भ. 'मी त्याला बोलली' आली की ४००, मुंबई. एका माणसाने मात्र त्यांना फार छळलं. 'सासूशी भांडून मी माहेरी आलो. दोन दिस जेवलो नाही. नवरा फोन पण करत नाही.' नाना गोंधळले. मग काळ बदलला आहे अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी मोठ्या मनाने, जपून उत्तरं दिली. चौथ्या रात्री अंथरुणात उठून बसले आणि ओरडले, "कोल्हापूर! बायकाच तिकडे 'आलो, गेलो' म्हणतात!" पत्र ४१६ला रवाना.

आम्हाला ही दुःखं कट्ट्यावर मिळतात ती आकड्यांतच. "४१६ला काल झोप लागली." "४४४चं साहेबाशी मिटेना." शेजारचे गुंतवणूकवाले काका सुरुवातीला हे लिहून घेत असत.

आता उत्तरं. 'आपला काल रात्री ११.४०चा मजकूर पोचला. आशय समजला. वाईट वाटलं.' नाना एवढंच लिहितात. मला हसू आलं होतं. पण लोक पुन्हा पुन्हा नानांकडेच येतात. घरच्यांना सांगितलेलं घरच्यांपर्यंत पोचतंच असं नाही. इथे निदान पोच मिळते.

माणसं मध्येच नाहीशी होतात, याचा मात्र नानांना जाच होतो. नाशिकच्या ४२२ने 'आज मी ठरवलंय की' एवढं लिहिलं आणि गडी गायब. नानांनी लगेच १४४१६ पाठवला आणि रात्र फोन उशाला घेऊन काढली. सकाळी उरलेलं वाक्य आलं : 'क्लास बदलायचा. सॉरी, चार्जिंग संपलं.' "आरएलओ बरं होतं," नाना म्हणाले. "तिथे लोक पाकीट तरी चिकटवायचे."

परवा ४१६ने विचारलं, 'काका, तुम्ही पोस्टात होता काय?'

नाना हादरले. कुणी आपलाही पत्ता हुडकेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. पुष्कळ खाडाखोड करून त्यांनी उत्तर धाडलं : 'ओळख विचारणे नियमात बसत नाही, याची कृपया नोंद घ्यावी.' मग बराच वेळ फोनकडे बघत बसले, आणि तारेच्या भाषेत खाली आणखी एक ओळ टाकली : 'रंकाळा भरला का?'